सांगली-मिरजेतली दुकानं, स्टुडिओ आणि ऑफिसांसाठी रेड स्टोरेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीसीतली एक हार्ड डिस्क पुरेनाशी झाली, की चार डिस्कचा डबा (नॅस, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्या पीसींना वापरता येणारी साठवण) घ्यावा का आणि घेतला तर रेड (अनेक डिस्क मिळून एकच साठवण करायची पद्धत) कुठलं लावावं, हे प्रश्न सुरू होतात. मार्केट यार्डातलं हळदीचं अडत दुकान, मिरजेतलं स्कॅन सेंटर, लग्नाचं शूटिंग करणारा स्टुडिओ आणि सीएचं ऑफिस यांची उत्तरं एकसारखी नाहीत. खालची माहिती दोन ते आठ डिस्कच्या सेटअपपुरती आहे.

रेड लावलं की बॅकअपची गरज उरत नाही ना?

उरते, पूर्ण उरते. रेडचं काम एकच आहे. एखादी डिस्क बंद पडली तरी काम थांबू नये. चुकून डिलीट केलेली फाइल सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी जाते. टॅलीची कंपनी करप्ट झाली तर मिररच्या (एकसारख्या प्रती ठेवणाऱ्या) दोन्ही डिस्कवर ती तशीच करप्ट लिहिली जाते. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस), चोरी, शॉर्ट सर्किट, पुराचं पाणी यांतल्या कशावरही रेड हा उपाय नाही.

म्हणून बजेट ठरवताना आधी बॅकअपच्या डिस्कचे पैसे बाजूला काढा, मग यूपीएसचे, आणि उरलेल्यात रेड बसवा. उलट्या क्रमाने गेलं की चार बेचा (डिस्कच्या चार खणांचा) नॅस येतो आणि बॅकअप 'पुढच्या महिन्यात बघू'वर राहतो. दोन डिस्कचा मिरर आणि वेगळा बॅकअप असलेला माणूस, बॅकअपशिवाय रेड ६ चालवणाऱ्यापेक्षा कधीही सुरक्षित.

०, १, ५, ६, १० या आकड्यांचा अर्थ काय?

१९८८ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी शोधनिबंधात १ ते ५ असे प्रकार मांडले; शून्य आणि सहा नंतर जोडले गेले. आकडा मोठा म्हणजे माल भारी, असं काही नाही.

रेड ० मध्ये डेटा तुकडे करून सगळ्या डिस्कवर वाटला जातो. जागा पूर्ण मिळते, संरक्षण शून्य, एक डिस्क गेली की सगळं गेलं. रेड १ म्हणजे मिरर, दोन डिस्कवर तंतोतंत तेच. रेड ५ ला किमान तीन डिस्क लागतात, एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला (गेलेला डेटा परत काढायला लागणाऱ्या हिशेबाला) जाते आणि एक डिस्क गेलेली चालते. रेड ६ ला किमान चार लागतात, दोन डिस्कची जागा जाते आणि कुठल्याही दोन गेलेल्या चालतात. रेड १० म्हणजे मिररच्या जोड्या आणि त्या जोड्यांवर वाटलेला डेटा. निम्मी जागा जाते. चार डिस्कच्या रेड १० मध्ये एक गेल्यावर उरलेल्या तिघींपैकी तिची जोडीदार गेली तर खेळ संपतो, बाकी दोघींपैकी एखादी गेली तर काम चालू राहतं.

आमच्या कामाला कुठलं रेड लावू?

आधी दोन गोष्टी ठरवा. डिस्क बंद पडली तर काम किती तास थांबलेलं चालेल? आणि तुमचा डेटा मोठ्या फाइलींचा आहे की छोट्या-छोट्या नोंदींचा?

टॅली, बिलिंग, पतसंस्थेचं सॉफ्टवेअर, हॉस्पिटलची ओपीडी नोंद हा सगळा छोट्या नोंदींचा कारभार. डेटा काही जीबीच असतो, पण दिवसभर बारीक-बारीक लिहिणं चालू राहतं. रेड ५ वर एक छोटी नोंद लिहायला डिस्कला चार कामं करावी लागतात : जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. रेड ६ वर सहा. मिररवर फक्त दोन. त्यामुळे इथे दोन एसएसडींचा रेड १, बस्स. सीए ऑफिसला चार बेचा रेड ५ विकणाऱ्याला 'का' म्हणून जरूर विचारा.

लग्नाचे स्टुडिओ नेमके उलट. १०० मेगाबिटच्या फोर-के रेकॉर्डिंगला एका कॅमेऱ्यामागे ताशी ४५ जीबी लागतात. दोन कॅमेरे प्रत्येकी चार तास चालले तर ३६० जीबी. त्यात २४ मेगापिक्सेलच्या रॉ फोटोंची भर, एकेक फाइल २५-३० एमबीची, म्हणजे तीन हजार फोटोंचे आणखी ७५ ते ९० जीबी. एक लग्न साडेचारशे जीबीच्या घरात गेलं, तर तिथींच्या हंगामातली वीस लग्नं नऊ टीबी खातात. इथे जागा हवी आणि फाइली मोठ्या, म्हणून पॅरिटीवालं रेड शोभतं. ४ टीबीच्या चार डिस्क असतील तर रेड ५ चालून जाईल, ८ टीबी किंवा त्याहून मोठ्या असतील तर रेड ६ घ्या. एडिटिंग मात्र पीसीतल्या एनव्हीएमई एसएसडीवर करा आणि नॅसवर फक्त साठवण ठेवा.

स्कॅन सेंटरचं गणित मधलं. सीटीची एक स्लाइस साधारण अर्धा एमबी, पाचशे स्लाइसच्या तपासणीला २५० एमबी. रोज तीस तपासण्या झाल्या तर साडेसात जीबी, वर्षाला तीनशे दिवस धरले तर सव्वादोन टीबी. शिवाय रेडिओलॉजिस्ट जुनी तपासणी मागतो तेव्हा ती लगेच दिसावी लागते. चार डिस्कचा रेड १० किंवा रेड ६, दोन्ही योग्य. आमचा कल रेड ६ कडे, कारण या कामात वेगाची गरज माफक असते आणि कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी पेशंट परत पाठवावा लागत नाही.

सीसीटीव्हीला बहुतेक दुकानांत रेड लागतच नाही. आठ कॅमेरे प्रत्येकी ४ मेगाबिटने चालले तर दिवसाला सुमारे ३४५ जीबी, महिन्याला दहा टीबीच्या वर. एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) लावलं तर साधारण निम्मं. एनव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) सर्व्हिलन्सची डिस्क टाका आणि तिजोरीसमोरच्या दोन कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग दुसऱ्या डिस्कवर किंवा कॅमेऱ्यातल्या कार्डवरही जाऊ द्या. बाकी गल्लीतली गाढवं दोन प्रतींत साठवून कुणाचं भलं होणार?

रेड ५ मध्ये गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत येतो तरी कुठून?

पॅरिटीमधून. समजा पहिल्या डिस्कवर १०११ आहे, दुसऱ्या डिस्कवर ०११०. दोन्हींतले बिट जिथे सारखे तिथे ०, वेगळे तिथे १ असं लिहिलं की ११०१ मिळतं. हे तिसऱ्या डिस्कवर जातं. आता दुसरी डिस्क गेली. उरलेल्या १०११ आणि ११०१ वर तोच नियम लावा : ०११०. गेलेला आकडा जसाच्या तसा परत.

यातून एक गोष्ट लक्षात येते. एक डिस्क परत उभी करायला (याला रिबिल्ड म्हणतात) उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. संकट तिथेच असतं.

मोठ्या डिस्कवर रेड ५ नको असं का म्हणतात?

साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात 'न वाचता येणारी चूक : १०चा १४वा घात बिटमागे एक' असं छापलेलं असतं. १०चा १४वा घात बिट म्हणजे साडेबारा टीबी. ४ टीबीच्या चार डिस्कच्या रेड ५ मध्ये एक बदलली तर उरलेल्या तीन मिळून १२ टीबी वाचल्या जातात. कंपनीचा आकडा ही वरची मर्यादा असते आणि प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्या वागतात, त्यामुळे 'रिबिल्ड फसणारच' असं म्हणणं अतिशयोक्तीचं आहे. वरच्या दर्जाच्या डिस्कवर हाच आकडा १०चा १५वा घात असतो. पण तीन डिस्कपैकी कुठेही एक सेक्टर वाचता आला नाही तर काही कंट्रोलर (रेड सांभाळणारं हार्डवेअर किंवा सॉफ्टवेअर) रिबिल्ड तिथेच थांबवतात, आणि जे थांबवत नाहीत त्यांच्यावर ती एखादी फाइल खराब होते.

दुसरं कारण वेळेचं. १५० एमबी प्रति सेकंद या वेगाने ४ टीबीची डिस्क भरायला साडेसात तास लागतात, ८ टीबीला जवळपास पंधरा, १६ टीबीला तीस. हे ऑफिसचं बाकी काम बंद ठेवून. दिवसभर स्टाफही त्याच डिस्कवर काम करत असेल तर वेळ दुप्पट-तिप्पट सहज होतो. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेल्या असतात, सारख्याच घासलेल्या असतात, आणि नेमक्या याच दिवस-दीड दिवसात त्यांना सर्वांत जास्त राबवलं जातं. दुसरी डिस्क याच वेळी मान टाकते, ती उगाच नाही. रेड ६ मध्ये या काळातही एका डिस्कचं संरक्षण शिल्लक असतं.

डिस्क कुठल्या घ्यायच्या? साधी डेस्कटॉप डिस्क स्वस्त पडते.

स्वस्त पडते आणि दोन ठिकाणी दगा देते. पहिलं, एसएमआर. या डिस्कवर ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक ट्रॅक बदलायला शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रिबिल्डमध्ये सलग लिहिणं सुरू झालं की डिस्कची कॅश भरते, वेग कोसळतो, आणि कंट्रोलर 'डिस्क मेली' समजून तिला बाहेर काढतो. रेडला सीएमआर डिस्क हवी, जिच्यात ट्रॅक एकमेकांवर चढवलेले नसतात. फक्त 'नॅस डिस्क' एवढ्या शब्दावर जाऊ नका : २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या लाल लेबलच्या 'रेड' मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं होतं. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क 'रेड प्लस' नावाने वेगळ्या केल्या. 'रेड प्रो'ही सीएमआर आहे. सीगेटची आयर्नवुल्फ मालिका सीएमआर आहे. दुकानदाराला पूर्ण मॉडेल नंबर विचारा आणि कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहा.

दुसरं, चूक सापडल्यावर डिस्क किती वेळ झगडते ते. नॅसची डिस्क खराब सेक्टरवर साधारण ७ सेकंद प्रयत्न करते आणि 'हे वाचता येत नाही' असं कळवते. रेड मग पॅरिटीमधून तो भाग भरून देतं. डेस्कटॉप डिस्क एकटीच असायची म्हणून ती मिनिटभरही झटत बसते. लिनक्स मात्र ठरलेल्या मांडणीत ३० सेकंदच वाट पाहतं. एका खराब सेक्टरपायी धडधाकट डिस्क अशी बाहेर फेकली जाते.

चारही डिस्क एकाच बॅचच्या नसल्या तर उत्तम. दोन एका दुकानातून, दोन दुसऱ्या दुकानातून घ्या, किंवा दोन आता आणि दोन महिन्याभराने. सांगलीत काउंटरवर बहुधा डेस्कटॉप आणि सर्व्हिलन्सच्या डिस्क तयार मिळतात, नॅसच्या ऑर्डर देऊन मागवाव्या लागतात. म्हणून एक जादा डिस्क सुरुवातीलाच घेऊन कपाटात ठेवा. डिस्क गेली त्या दिवशी कुरिअरची वाट बघत बसणं परवडत नाही.

बिल जीएसटीचंच घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, आणि तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते पाहा. नवी म्हणून वापरलेली डिस्क गळ्यात मारली जाते तेव्हा ती इथेच पकडली जाते. स्मार्ट अहवालातले (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) चालू तासही बघा. नव्या डिस्कवर ते शून्याच्या आसपास हवेत.

तयार नॅस घ्यावा की जुन्या पीसीतच रेड करावं?

ऑफिसात संगणकाची जाण असलेला, सुट्टीच्या दिवशीही फोन उचलणारा कुणी नसेल तर तयार नॅस. सिनॉलॉजी, क्यूनॅप वगैरेंत डिस्क बदलणं, ईमेलवर इशारा, यूपीएसशी बोलणं हे सगळं आधीच जमवलेलं असतं. घेण्यापूर्वी त्या मॉडेलवर कुठल्या डिस्क चालतात ती कंपनीची यादी तेवढी पाहा.

जुना पीसी वापरायचा तर लिनक्सचं एमडीएडीएम (रेड चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा झेडएफएसवर (रेड स्वतःच सांभाळणारी फाइलव्यवस्था) चालणारं ट्रूनॅस, दोन्ही भरवशाची आहेत. बीटीआरएफएस या फाइलव्यवस्थेचं स्वतःचं रेड ५ आणि ६ मात्र टाळा. ते वापरू नका असं त्याच्या अधिकृत दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. सिनॉलॉजीवरचं बीटीआरएफएस हा वेगळा मामला, तिथे खाली रेड लिनक्सच्या एमडीचं, म्हणजे एमडीएडीएमवालंच, असतं.

विंडोजवरच राहायचं असेल तर स्टोरेज स्पेसेसमधला टू-वे मिरर ठीक. त्यातला पॅरिटीचा प्रकार लिहायला फार संथ आहे.

मदरबोर्डच्या बायोसमधून चालणारं रेड घेऊ नका. ते खरं तर सॉफ्टवेअरच असतं, आणि बोर्ड जळला की तसाच बोर्ड शोधत फिरावं लागतं. हार्डवेअर कार्ड घ्यायचं तर कॅशला बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर असलेलंच घ्या आणि त्याच मॉडेलचं दुसरं कार्ड मिळेल याची खात्री करा.

जुन्या पीसीत एसएमपीएसकडे (पीसीच्या पॉवर सप्लायकडे) दुर्लक्ष होतं. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या की त्या क्षणी शंभर वॅट जातात. चार वर्षं वापरलेला स्वस्त एसएमपीएस तिथे हबकतो आणि एखादी डिस्क दिसेनाशी होते. आणि मोलेक्सवरून (जुना चार पिनांचा वीजजोड) साटा (आजच्या डिस्कचा वीजजोड) करणारे, प्लॅस्टिक ओतून बनवलेले कन्व्हर्टर वापरूच नका, ते आतून शॉर्ट होऊन जळतात.

४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५. तरी विंडोज १०.९ टीबीच दाखवतं. फसवणूक झाली का?

नाही. कंपनी टीबी हजारच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. कंपनीचे ४ टीबी विंडोजला ३.६४ दिसतात. पॅरिटीची एक डिस्क वजा केली की तीन गुणिले ३.६४, म्हणजे १०.९. याच चार डिस्क रेड ६ किंवा रेड १० मध्ये ७.२८ दाखवतील. त्यातही ८० टक्क्यांच्या वर भरू नका.

२ टीबीची जुनी आणि ४ टीबीच्या दोन नव्या, एकत्र चालतील?

चालतील, पण साध्या रेड ५ मध्ये सगळ्यांना सर्वांत लहान डिस्कइतकंच धरलं जातं. तीन डिस्क, प्रत्येकी २, एक पॅरिटीला : हाती ४ टीबी, आणि नव्या डिस्कची निम्मी जागा वाया. सिनॉलॉजीच्या एसएचआरमध्ये (कमीजास्त आकाराच्या डिस्क सामावणारं त्यांचं रेड) याच तिघींतून ६ टीबी निघतात. तरी पाच वर्षं चाललेली जुनी डिस्क रेडमध्ये घालण्यापेक्षा तिला तिसऱ्या नंबरच्या बॅकअपला ठेवा.

रेड ० ने वेग वाढतो म्हणतात, नॅसवर लावू का?

नको. एक गिगाबिटच्या नेटवर्कमधून प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास डेटा जातो, आणि एवढं तर आजची एकटी डिस्क देते. अडथळा वायरचा आहे. वेग हवा असेल तर नॅस, स्विच आणि पीसी तिन्हीकडे अडीच गिगाबिट घ्या. वायरिंग कॅट ५ई असेल तर तीच चालते.

आणि नवीन नॅस मंद चालतोय असं वाटलं तर आधी स्विचचा दिवा पाहा. क्रिंपिंग नीट झालं नसेल तर जोडणी १०० मेगाबिटवर घसरते आणि कॉपी ११ एमबीवर अडकते. रेडला विनाकारण शिव्या बसतात.

लाइट सारखी जाते-येते. इन्व्हर्टरवर नॅस जोडला आहे, पुरे ना?

इन्व्हर्टर लाइट गेल्याचं नॅसला सांगत नाही. बॅटरी संपते आणि नॅस लिहिता-लिहिता बंद पडतो. शिवाय बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरचा बदल होताना पीसी रीस्टार्ट होतात, तसाच नॅसही होतो.

पॅरिटीच्या रेडला हे जास्त लागतं. डेटा नवा लिहिला गेला आणि पॅरिटी लिहायच्या आत लाइट गेली, तर दोघांचा मेळ राहत नाही. त्या वेळी काहीच दिसत नाही. पुढे सहा महिन्यांनी डिस्क गेली की त्या चुकीच्या पॅरिटीतून चुकीचा डेटा उभा राहतो. झेडएफएस नवं लिहून झाल्यावरच जुनं सोडतं, त्यामुळे तिथे हा प्रकार होत नाही.

उपाय साधा आहे : यूएसबी पोर्ट असलेला ६०० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस, त्याची यूएसबी केबल नॅसला, आणि नॅसमध्ये 'लाइट गेल्यावर ५ मिनिटांनी बंद हो' अशी सेटिंग. राउटर आणि स्विचही त्याच यूपीएसवर घ्या, लेझर प्रिंटर चुकूनही नको. यूपीएस नॅसशी बोलतो का ते विकत घेतानाच विचारा. पोर्ट असला म्हणजे जमेलच असं नाही. जोडून झाल्यावर मेन स्विच बंद करून एकदा बघा. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगही तपासून घ्या.

नॅस कुठे ठेवायचा?

बंद कपाटात नको, आणि एसीच्या पाण्याच्या पाइपखालीही नको. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या माळ्यावर डिस्क पन्नाशी गाठते. डिस्कचं तापमान ४० अंशांच्या आसपास असू द्या, ४५ ला इशारा लावा, ५० झालं तर जागा बदला. मार्केट यार्डात हळदीची पूड पंख्याच्या जाळीवर गिलावा केल्यासारखी बसते, तिथे दर महिन्याला नॅस बंद करून ब्लोअर मारा. जमिनीवर तर ठेवूच नका. त्याचं कारण पुढे पुराच्या प्रश्नात येतं.

बसवताना क्रम काय ठेवावा?

डिस्क हातात आल्याबरोबर रेड बनवू नका. आधी प्रत्येक डिस्कवर स्मार्टची मोठी चाचणी लावा. ४ टीबीला सात-आठ तास लागतात, रात्रभर चालू द्या. नव्या डिस्क बिघडतात तेव्हा पुष्कळदा सुरुवातीच्याच दिवसांत बिघडतात, आणि दुकानदार बदलून देतो तोवरच हे कळलेलं बरं.

प्रत्येक ट्रेवर समोरून दिसेल अशी चिठ्ठी लावा : बे नंबर आणि सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे. आज हे पोरकट वाटेल, डिस्क गेल्याच्या रात्री याच चिठ्ठीवर सगळं अवलंबून असतं.

मग रेड बनवा आणि पहिलं सिंक पूर्ण होऊ द्या. ईमेलचा इशारा मालकाच्या आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या, दोघांच्याही पत्त्यावर लावा आणि चाचणीचा मेल खरोखर आला का ते पाहा. स्मार्टची छोटी चाचणी आठवड्याला, मोठी महिन्याला. महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून पॅरिटीशी ताडणं. तो मोठ्या चाचणीच्या रात्री नको. स्क्रब न करणाऱ्याला कोपऱ्यातला खराब सेक्टर रिबिल्डच्या वेळीच भेटतो.

आणि खरा डेटा टाकण्यापूर्वी, नॅस चालू असताना एक डिस्क बाहेर ओढा. बीप कसा वाजतो, मेल येतो का, फाइली उघडतात का, परत घातल्यावर रिबिल्ड कुठून सुरू करायचं हे सगळं स्टाफच्या डोळ्यांसमोर होऊ द्या.

नॅस बीप-बीप करतोय, एका डिस्कचा दिवा लाल आहे. काय करू?

सगळ्यात आधी कशालाही हात लावू नका. रीस्टार्टही नको. डेटा अजून उघडतो आहे, तर जे ताजं आणि बॅकअपला गेलेलं नाही ते बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या. रिबिल्ड हे त्यानंतरचं काम.

मग स्मार्ट अहवाल वाचा. ५ नंबरची नोंद बदललेले सेक्टर सांगते, १९७ वाचायला अडलेले आणि १९८ अजिबात न सुधारलेले. यांतली कुठलीही वाढत असेल तर डिस्क गेली समजा. फक्त १९९ वाढलेली असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा बेच्या जोडाचा असतो. पीसीत असाल तर केबल बदलून बघा, हजारोंची डिस्क वाचेल. उरलेल्या डिस्कचाही अहवाल पाहा, नाहीतर मेलेलीच्या शेजारी आजारी निघते.

आता सीरियल नंबर चिठ्ठीशी ताडून तीच डिस्क काढा. चुकीची, चांगली डिस्क ओढणं हा रेड ५ बुडवायचा सर्वांत सोपा मार्ग आहे. नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी. एखाद्या कंपनीची ४ टीबी दुसरीपेक्षा काही सेक्टरनी लहान निघाली तर ती नाकारली जाते. रिबिल्ड शनिवारी संध्याकाळी सुरू केलं की सोमवारपर्यंत बहुतेक उरकतं.

दोन डिस्क गेल्या, रेड ५ उघडतच नाही. संपलं का?

बऱ्याचदा नाही. दुसरी डिस्क पुष्कळदा खरी मेलेली नसते, वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून बाहेर काढलेली असते. पण इथून पुढे घाईत दाबलेलं एक बटण सगळं पुसू शकतं. 'नवा व्हॉल्यूम बनवा', 'इनिशियलाइज', आणि डिस्क विंडोजला लावल्यावर येणारी 'फॉरमॅट करायची का?' ही चौकट, तिन्हींना नाही म्हणा. डिस्क कुठल्या क्रमाने होत्या ते लिहून ठेवा. बॅकअप असेल तर नव्या डिस्क घालून तो परत टाका, तेच जलद. नसेल तर प्रत्येक डिस्कची आधी सेक्टरवार प्रत काढायची, लिनक्सवर डीडीरेस्क्यू त्यासाठीच आहे, आणि जोडाजोडीचे प्रयोग त्या प्रतींवर करायचे. डिस्क टकटक आवाज करत असेल तर तिला वीजच देऊ नका, सरळ रिकव्हरीवाल्याकडे द्या.

पुराचं काय?

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरलं. गावभाग, खणभाग, मारुती चौक, सांगलीवाडी इथल्या तळमजल्यावर कितीही डिस्कचं रेड ठेवा, उपयोग नाही. नॅस वरच्या मजल्यावर घ्या. बॅकअपची एक प्रत त्याच इमारतीत किंवा शेजारच्या गल्लीत नको, कारण पाणी दोन्हीकडे एकदमच येतं. मिरजेचा उंच भाग, कुपवाड, तासगाव, विटा, जिथे तुमचं माणूस असेल तिथे ठेवा. पावसाळ्यात नॅस हलवायची वेळ आली तर पद्धतशीर शटडाउन करा, डिस्क काढून बे नंबरनुसार फोममध्ये गुंडाळा आणि फक्त डिस्क न्या. रिकामा डबा भिजला तर पुन्हा मिळतो.

डिस्क भिजलीच तर ती चालू करून बघू नका, हेअर ड्रायर नको, उन्हात नको, तांदळाच्या डब्यात तर नकोच. साध्या डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून गाळाचं पाणी आत गेलेलं असू शकतं आणि गाळ वाळला की तबकडीवर चिकटतो. ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून रिकव्हरीवाल्याकडे पाठवा.

बॅकअप किती आणि किती दिवसांचा?

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. नॅस ही पहिली, रोज रात्री यूएसबी डिस्कवर जाणारी दुसरी, क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावात तिसरी. यूएसबी डिस्क दोन घ्या आणि दर आठवड्याला आलटून-पालटून काढून ठेवा. सदैव जोडलेली डिस्क रॅन्समवेअरला आयतीच सापडते. २०२१ आणि २०२२ मध्ये क्यूलॉकर आणि डेडबोल्ट या रॅन्समवेअरनी इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅपचे नॅस असेच कुलूपबंद केले होते. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी (दोन्ही इंटरनेटवरून नॅसपर्यंत यायची वाट उघडतात) बंद ठेवा, बाहेरून यायचं तर व्हीपीएनने या.

मुदतीचं म्हणाल तर जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, आणि कंपनी असाल तर हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे, म्हणून क्लाउड निवडताना सर्व्हर कुठे आहे ते विचारून घ्या.

तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधली एखादी कंपनी दुसऱ्या पीसीवर टाकून टॅलीत उघडून बघा.

आता दोन डिस्कने सुरुवात केली तर पुढे वाढवता येईल?

एमडीएडीएम आणि बहुतेक तयार नॅसवर मिररचं रेड ५ आणि रेड ५ चं रेड ६ चालू डेटासकट करता येतं. वेळ रिबिल्डपेक्षाही जास्त लागतो आणि आधी बॅकअप हवाच. झेडएफएसच्या पॅरिटी गटात एकेक डिस्क वाढवायची सोय २०२५ च्या सुरुवातीला ओपनझेडएफएस २.३ मध्ये आली, पण पॅरिटीची पातळी तिथे नंतर बदलता येत नाही. म्हणून आज दोन डिस्कचे पैसे असले तरी डबा चार बेचा घ्या.